वाकड्या मानेचा सॅक्सोफोन

सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण वाजतो चामड्यावर. त्याच्या अंगावर वीसेक भोकं असतात, प्रत्येक भोकावर एक झाकण असतं आणि झाकणाच्या आत नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड थरावर, ताणून बसवलेलं चामड्याचं गोल पॅड. झाकण मिटताना केसाएवढी जरी फट राहिली, तरी फुंक तिथून पळते आणि सूर फाटतो. ही फट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही खोली अंधारी करतो, वाद्याच्या नळीत बारीक दिवा सोडतो आणि एकेक झाकण मिटून बघतो. उजेड बाहेर झिरपला की चोर सापडला. माझी बावीस वर्षं दुबईत अशी अंधाऱ्या खोलीत उजेड शोधण्यात गेली. हे वाक्य फार तत्त्वज्ञानी वाटतंय, पण तसं काही नाही. खोलीला एसी चांगला होता.

मी मूळचा मिरजेचा. मिरजेचा आहे आणि वाद्यं दुरुस्त करतो म्हटलं की समोरचा थेट सतारीवर जातो. आमचं घर तसलं नाही. माझे वडील लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करायचे. लग्नसराईच्या आधी बँडवाले कर्णे, क्लॅरिनेट पोत्यात भरून आणत आणि ओसरीवर ओतत. काय बिघडलंय हे कुणी सांगत नसे आणि वडीलही विचारत नसत. वाद्य टेबलावर आलं की त्यातला सापडेल तो दोष काढायचा, पोचे उठवायचे, वाकडं ते सरळ करायचं आणि झळझळीत करून परत द्यायचं. मालकाने वाद्य ओळखलं नाही तर वडील खूश व्हायचे. हीच शिकवण घेऊन मी दुबईत गेलो. देऱ्यात, म्हणजे जुन्या दुबईत, आमच्या मालकांचं वाद्यांचं दुकान होतं आणि वर्कशॉप अल क्वोजच्या गोदामांत. दोन्हींच्या मध्ये दापोलीचा रफीक व्हॅन फिरवायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका शाळेतला ट्रम्पेट आला, वाजतच नाही म्हणे. आतून खजुराची बी निघाली. शिक्षिकेने मुलांना ओळीत उभं करून विचारलं, तर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. एक वयस्कर अरब गृहस्थ दर हिवाळ्याला बॅगपाइप घेऊन यायचे. पिशवी कुठे फुटली ते शोधेपर्यंत शेजारी बसून मला कहवा पाजायचे आणि काम झालं की तिथेच उभं राहून वाजवायचे. शेजारच्या सुतारकामाच्या वर्कशॉपातले पंजाबी कारागीर रंधे टाकून नाचायला यायचे. एक फिलिपिनो वादक गळक्या झाकणांत सिगारेटचा कागद घालून तीन वर्षं एका लॉबीत वाजवत होता. मी त्याला म्हटलं, तुझं वाद्य धूम्रपान सोडेल तेव्हा आण.

मग मंदी आली. २००८ची मंदी आमच्याकडे पोचली ती आवाज बंद होण्यातून. अल क्वोजमध्ये दिवसभर काहीतरी कापलं, ठोकलं, घासलं जात असे. ते एकेक करून थांबलं. पंजाब्यांचं वर्कशॉप बंद झालं. कामगारांच्या बसगाड्या अर्ध्या रिकाम्या धावू लागल्या. शारजाला अल मजाजमध्ये आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या धूळ खात पडल्या. त्या गाड्यांचे मालक एके दिवशी विमानात बसले ते परतलेच नाहीत. आणि हॉटेलांनी बँड काढायला सुरुवात केली. पाहुणेच नाहीत, तर वाजवायचं कुणासाठी? सहा माणसांच्या बँडऐवजी एक गायिका आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपला व्हिसा लागत नाही.

फ्योदर यांची ओळख करून द्यायला हवी. रशियन, साठीला टेकलेले, उंच आणि किंचित पुढे झुकलेले. देऱ्यात खाडीकाठच्या एका जुन्या हॉटेलात त्यांचा सहाजणांचा जॅझ बँड दहा वर्षं वाजत होता. स्वतः ते टेनर सॅक्सोफोन वाजवायचे, म्हणजे जरा मोठ्या अंगाचा, घोगऱ्या आवाजाचा. त्यांचं आडनाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही आणि ते मला विलास न म्हणता ‘मास्टर’ म्हणायचे. त्यांच्याकडे कारागिराला असंच म्हणतात म्हणे. मला ते आवडायचं. दोघांचं इंग्लिश सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं उत्तम जमायचं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

मंदीतला पहिला हिवाळा सरत आला होता. एका मंगळवारी फ्योदर वर्कशॉपला आले. एरवी ते वाद्य दुकानावर ठेवून जात. त्या दिवशी टॅक्सी करून अल क्वोजला आले. एक झाकण चिकटत होतं, तेवढं सोडवून हवं होतं. पॅड ओलं होऊन चिकटणं हा सॅक्सोफोनचा सर्दी-पडशासारखा आजार आहे. दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून सूर निघाला तो वेगळाच. हॉटेलात नवा मॅनेजर आला होता, खर्च कापण्यासाठीच आणलेला. गुरुवारी दुपारी चार वाजता तो बँड ऐकणार होता आणि ठेवायचा की काढायचा ते तिथल्या तिथे सांगणार होता.

काढलं तर काय होतं, हे बाहेरच्यांना समजावं म्हणून सांगतो. तिथे नोकरी आणि राहण्याचा परवाना एकाच दोरीला बांधलेले असतात. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि तीस दिवसांत देश सोडायचा. बँडमधल्या चौघांची बायकामुलं तिथे होती. रुस्लान नावाचा त्यांचा ट्रॉम्बोनवाला होता, तिशीतला. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. आधीची दोन अपत्यं पोटातच गेलेली. डॉक्टरने तिला जिना चढायलाही मनाई केली होती. विमान तर लांबच.

“मी आजपर्यंत तीन बँड बांधले,” फ्योदर म्हणाले. “तिन्ही दुसऱ्यांनी मोडले. या वेळी मी सगळ्यांना शब्द दिलाय, कुणी जाणार नाही.”

ते गेले आणि मी वाद्य टेबलावर घेतलं. दिवा आत सोडला, आणि मला धक्का बसला. दहा वर्षं हा माणूस माझ्याकडे येत होता, पण दर वेळी दहा मिनिटांचं काम घेऊन. पूर्ण वाद्य मी कधी उघडलं नव्हतं. पाच ठिकाणी उजेड गळत होता. झाकणांखाली कुठल्यातरी जाड करड्या कापडाचे तुकडे चिकटवलेले, त्यामुळे झाकणं पुरती उघडतच नव्हती. आणि मान! सॅक्सोफोनला वरच्या टोकाला एक वळणदार नळी असते, तिच्यावर माउथपीस बसतो. तिला नेक म्हणतात, आपण मान म्हणू. ती खाली लवलेली आणि उजवीकडे पिळलेली होती. असली मान घेऊन हा माणूस मॅनेजरसमोर उभा राहणार? सहा घरांचा प्रश्न या वाकड्या नळीवर?

मी दोन दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही. सगळी पॅड बदलली. ते करडे तुकडे खरवडून काढले आणि त्या जागी नवं बूच लावलं. मानेच्या आत लाकडी रूळ घालून ती हळूहळू उठवली, पीळ काढला, सरळ केली. मग पॉलिश. पॅडचा संच दुकानातून माझ्या नावावर घेतला. बुधवारी घरी जेवताना मी हे सगळं फुशारून सांगत होतो. सुनंदाने किमतीची चौकशी केली. दोनशे दिरहॅम म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, “म्हणजे अडीच हजार रुपये, आणि तेही या दिवसांत.” मी म्हटलं, माणसाच्या अडचणीला एवढं तरी करावं. आमची सायली तेव्हा नववीत होती. ताटातून मान वर न करता तिने विचारलं, “बाबा, डिड ही आस्क फॉर ऑल दॅट?”

मी तिला म्हटलं, जेव.

गुरुवारी अकराला फ्योदर आले. इस्त्रीचा काळा सूट अंगावर होता. मी पेटी उघडून त्यांच्यासमोर धरली. वाद्य नवरीसारखं दिसत होतं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मला वाटलं, भारावले. त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला, माउथपीस तोंडात धरला आणि फुंक मारली. सूर आला तो स्वच्छ, टणक, आणि पूर्णपणे परका. त्यांनी पुन्हा जबडा हलवून धरलं, पुन्हा वाजवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी माउथपीस तोंडातून काढला आणि रुमाल ओठांना लावला. रुमालावर रक्त होतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी मला विचारलं, कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही. मग त्यांनी मला बोट लावून लावून सांगितलं. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. त्यांचा वरचा एक दात बारा-तेरा वर्षांपूर्वी जहाजावर गेला. काळ्या समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावर ते बँड घेऊन होते. वादळात केबिनचं दार तोंडावर आदळलं. जहाजावर दंतवैद्य नाही, दुसरं वाद्य नाही, आणि संध्याकाळी वाजवायचं तर होतं. त्यांनी बिछान्याच्या लोखंडी कठड्यावर ठेवून ती मान स्वतःच वाकवली, अशा बेताने की माउथपीस उरलेल्या दातावर उजवीकडून टेकेल. तेव्हापासून ते त्याच वाकड्या मानेवर वाजवत होते. कवळीचा दात पुढे बसवलेला होता, तो नुसता हसण्यापुरता. सरळ मानेने सगळा भार नेमका त्याच्यावर आणला होता.

आणि ते करडे तुकडे? ते त्यांच्या लष्करी कोटाचे. तरुणपणी सक्तीच्या नोकरीत ते उत्तरेकडे कुठेतरी लष्कराच्या बँडमध्ये होते. रात्री बराकीत जॅझ वाजवायचे. अधिकाऱ्याला ते चालत नसे. आवाज दबका यावा म्हणून त्यांनी कोटाच्या अस्तराखालचा नमदा कापून झाकणांखाली चिकटवला. पुढे ते सुटले, एका कारखान्याच्या क्लबात बँड बांधला. तो कारखान्याबरोबरच बुडाला. नंतर रेस्टॉरंट, नंतर जहाज. जहाजही विकलं गेलं. नमदा मात्र त्यांनी काढला नाही, कारण तोवर तो दबका, घोगरा आवाज हाच त्यांचा आवाज झाला होता. लोक तोच ऐकायला येत होते. त्यांचं उभं आयुष्य त्या वाद्यावर लिहिलेलं होतं आणि मी ते दोष समजून पुसून टाकलं होतं.

मी आजवर पुष्कळ चुका केल्यात, पण त्या आळसाने किंवा घाईने. इथे मी जीव ओतून काम केलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि घड्याळाकडे बोट केलं. पावणेबारा झाले होते.

रफीक दारात उभा होता. त्याला मी बाहेरच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीकडे पिटाळलं. ते तुकडे मी आदल्या दिवशी तिथेच टाकले होते. तो पाच मिनिटांत परतला. सकाळीच गाडी येऊन पेटी रिकामी करून गेली होती. मी नमद्याचा आमच्याकडचा साठा काढला. तो फार मऊ निघाला. मग रफीकच म्हणाला की मागच्या गल्लीत सोफा बनवणारा मलबारी आहे, त्याच्याकडे गालिच्याखाली घालायचं जाड कापड असतं. त्याने ते हातभर फाडून आणलं. रंग तपकिरी होता, पण जाडी जुळत होती. मी तुकडे कापत गेलो आणि फ्योदर एकेक झाकण दाबून बघत गेले. जाड, बारीक, आणखी बारीक. सरस वाळायला वेळ लागतो म्हणून रफीक पंख्यासमोर वाद्य धरून उभा राहिला.

खरी भीती मानेची होती. पितळ एकदा वाकलेलं सरळ केलं, आणि पुन्हा वाकवलं, की ते थकतं. त्या नळीच्या पोटाशी एक पट्टी डागाने, म्हणजे झाळून, जोडलेली असते, तिथून ती उकलू शकते. एकदा चीर गेली की खलास. डाग देऊन जोडता येते, पण ती चार तासांत नव्हे. आणि किती वाकवायची? माप कुठेच नव्हतं. माप त्यांच्या तोंडात होतं.

शेवटी आम्ही एक केलं. फ्योदर स्टुलावर बसले, वाद्य मांडीशी, माउथपीस तोंडात. मी मानेवर फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांत ती धरली आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत दाब दिला. ते पापणी हलवत, म्हणजे अजून. मी थांबायचो, ते वाजवायचे, मी पुन्हा धरायचो. एकदा आतून बारीक कर्र असा आवाज आला. तिघंही थिजलो. मी दिवा आत सोडला, खोली अंधारी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दिव्याकडे बघायची भीती वाटली. उजेड कुठूनही बाहेर आला नाही. नुसता पॉलिशचा थर तडकला होता.

“विलासभाऊ, अडीच वाजले,” रफीक म्हणाला. “आता यल्ला, निघा, नाहीतर इथंच वाजवा.”

व्हॅनमध्ये मी मागे बसलो, फ्योदर समोर, आणि ते सबंध रस्ताभर वाजवत होते. शेख झायेद रोडवर डावीउजवीकडे अर्धवट मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर थांबलेल्या क्रेन. आत तो माणूस एकच लांब सूर पुन्हा पुन्हा ओढत होता, दातांचा अंदाज घेत. वरचे सूर अजून किंचित चढे लागत होते. मी खिशात पेचकस आणि बुचाचे तुकडे घेतले होते. पुलावर गाड्या तुंबल्या, तेव्हा रफीक काय काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त कोकणातल्या माणसाने शांत स्वरात शिव्या दिल्या की त्या जास्त लागतात एवढं समजलं. चारला सात मिनिटं असताना आम्ही पोचलो.

हॉटेलचा तो हॉल दुपारी उदास दिसत होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, पडदे उघडे. बाकीचे पाचजण केव्हाचे बसलेले. रुस्लानचा चेहरा पांढराफटक होता. फ्योदरनी त्यांना कामापुरतं सांगितलं असावं, कारण सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मॅनेजर चाळिशीचा, नीटनेटका, सभ्य माणूस. त्याच्या हातात एक कागद होता. मी सगळ्यात मागे भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

पहिलं गाणं वेगाचं होतं. वर गेले की सूर चढे लागत होते. मला प्रत्येक ठिकाणी कळत होतं, मॅनेजरला कळत नव्हतं. दुसऱ्यात फ्योदरनी जबडा जरा खाली घेतला आणि ते पुष्कळ सावरलं. मध्ये त्यांनी मला खूण केली. मी वाकून गेलो, एका झाकणाखाली बुचाची कपची सरकवली, एक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि परत भिंतीशी आलो. मग त्यांनी शेवटचं, संथ गाणं घेतलं. बाकीच्यांनी हात आखडता घेतला आणि सॅक्सोफोन एकटा पुढे आला.

ते कसं होतं हे सांगायला मी लेखक असायला हवा होतो. मी मेकॅनिक आहे, मेकॅनिकसारखं सांगतो. एकही झाकण गळत नव्हतं. मान बरोबर त्या जागी बसली होती. खालचे सूर कोटातून आल्यासारखे दबके आणि उबदार येत होते, वरचे अगदी जागेवर. जुन्या वाद्याचा आवाज त्यात होता आणि जुन्या वाद्याच्या पाच गळत्या नव्हत्या. दहा वर्षांत मी त्यांचा इतका चांगला सूर ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात थोडा स्वतःबद्दलचा गर्वही होता हे कबूल करतो.

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या, मनापासून. मग कागद उलगडला. म्हणाला, बँड फार छान आहे, मी वर भांडून तो ठेवून घेतोय, पण मला पाचच माणसं मंजूर आहेत. सहावा नाही. कोण, ते बँडच्या प्रमुखाने ठरवावं, आणि आत्ताच सांगावं, कारण शुक्रवारची सुट्टी लागण्याआधी नावं व्हिसाच्या कामाला पाठवायची आहेत.

वाद्यवृंदातलं ज्याला थोडं कळतं त्याला उत्तर माहीत होतं. पियानो, बास, ड्रम काढता येत नाहीत. ट्रम्पेट गाण्याची चाल वाजवतो. ट्रॉम्बोन नसला तर पाहुण्यांना समजतही नाही. रुस्लानने आपलं वाद्य गुडघ्यावर आडवं ठेवलं आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

फ्योदरनी पट्टा डोक्यावरून काढला.

“मी जातो,” ते म्हणाले.

मॅनेजर हसला. त्याला ती थट्टा वाटली. दाराबाहेरच्या पोस्टरवर तुमचाच फोटो आहे, म्हणाला. फ्योदरनी सावकाश सांगितलं की वाद्य बिघडलंय. आज कसंबसं निभावलं, पण पंधरा दिवसांत पाहुण्यांनासुद्धा कळेल. मॅनेजर म्हणाला, मग दुसरं घ्या. त्यावर त्यांनी चक्क कवळीचा दात काढून दाखवला. दुसऱ्या कुठल्याही वाद्यावर माझे दात बसत नाहीत, आणि या वाद्याची मान दुरुस्त करताना बिघडली. पियानोवाला बँड सांभाळेल.

मॅनेजरला ते पटलेलं दिसत नव्हतं. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझ्या वरच्या खिशातून पेचकस डोकावत होता.

“दुरुस्ती करणारे तुम्हीच ना?” त्याने विचारलं. “हे म्हणतात ते खरं आहे का?”

फ्योदरनी माझ्याकडे बघितलं. मघाशी मान वाकवताना बघत होते तसंच, फक्त या वेळी पापणी न हलवता. सहाजण माझ्याकडे बघत होते. रफीक दारात आला होता, तोही बघत होता. मी मनात म्हटलं, अरे, मी आत्ता जे काम केलंय तसं पुन्हा माझ्या हातून होणार नाही, आणि तुम्ही मला काय बोलायला लावताय. माझे वडील असते तर त्यांनी ते वाक्य उच्चारलं नसतं, बँड बुडाला असता तरी.

“खरं आहे, सर,” मी म्हणालो. “माझ्या हातून बिघडली. आता ती नीट होत नाही.”

मॅनेजरने कागदावर काहीतरी खोडलं.

बाहेरच्या बोळात फ्योदरनी माझा दंड धरला. फक्त एवढंच म्हणाले, रुस्लानला कळता कामा नये. कळलं तर तो स्वीकारणार नाही. तीस दिवसांपैकी अकराव्या दिवशी ते गेले. मी विमानतळावर जायला निघालो होतो, पण त्यांनी फोनवर नको म्हटलं. बँडचे सगळे तिथे असणार होते आणि त्यांना मी तिथे नको होतो. पुढे ते कुठल्याशा गावात मुलांना शिकवतात असं पियानोवाल्याकडून कळलं, आणि नंतर तेही कळेनासं झालं.

हॉटेलने आमच्या दुकानाचं काम बंद केलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. त्या शहरात वादक एकमेकांना ओळखतात. महिनाभरात सगळीकडे झालं की अल क्वोजच्या मास्टरने फ्योदरच्या सॅक्सोफोनची वाट लावली आणि म्हाताऱ्याची नोकरी घालवली. येणारे वाद्य टेबलावर ठेवताना बोट रोखून सांगू लागले, एवढंच करायचं, दुसरीकडे हात लावायचा नाही. मी मुकाट्याने हो म्हणायचो. एका अर्थी ते योग्यच होतं. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बसवून विचारतो, कुठला पोचा कशाचा आहे. निवृत्त होऊन मिरजेला आलो तरी विचारतो. पण काम बिघडवल्याचा ठपका घेऊन कारागिराने बारा वर्षं त्याच शहरात काढणं सोपं नव्हतं. रात्र रात्र मला ते संथ गाणं ऐकू यायचं आणि वाटायचं, जाऊन सांगावं कुणालातरी. सुनंदाला आणि रफीकला तेवढं माहीत होतं. आज लिहितोय, कारण हा अंक मराठी आहे आणि त्या पाचांपैकी कुणाला मराठी येत नाही. तो सॅक्सोफोन त्या दुपारी अगदी सुरात होता.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा मी आणि सुनंदा देऱ्यात एका मॉलमध्ये गेलो होतो. समोरून रुस्लान येत होता, बाळाची गाडी ढकलत. बायको शेजारी, हातात पिशव्या. त्याने मला पाहिलं आणि तो थांबला. तिला काहीतरी म्हणाला. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझा उचललेला हात खाली आला. मला फार वाटत होतं की जवळ जावं, एकदा गाडीत डोकावावं. रुस्लानने गाडी जागच्या जागी फिरवली आणि ती दोघं आल्या वाटेने निघून गेली. गाडीवर पिवळं दुपटं पांघरलेलं होतं आणि त्यातून एक पाय बाहेर आला होता, मोजा निसटलेला. मुलगा होता की मुलगी, ते काही दिसलं नाही.